घुशीला इंग्रजीत काय म्हणतात

सन चौतीस-पस्तीसचा सुमार असेल. मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि वर्गातली मुले मला एकाच गोष्टीसाठी ओळखत. कोणतेही इंग्रजी वाक्य द्या, कोणत्याही काळातले, मी ते कर्तरी प्रयोगातून कर्मणीत आणि कर्मणीतून कर्तरीत न अडखळता फिरवून देत असे. बाकी विषयांत मी साधारण होतो, गणितात तर काठावरच. पण ही एक विद्या मला कशी कोण जाणे सहज आली होती, आणि जे सहज येते त्याचा माणसाला लवकर माज चढतो.

आमचे इंग्रजीचे मास्तर कडक होते, पण मारकुटे नव्हते. फळ्यावर एक वाक्य लिहायचे आणि बाकाबाकावरून ते फिरवायचे. "द गार्डनर वॉटर्स द प्लांट्स," म्हणजे माळी झाडांना पाणी घालतो. पहिल्या मुलाने त्याचे कर्मणी करायचे, "द प्लांट्स आर वॉटर्ड बाय द गार्डनर." दुसऱ्याने चालू वर्तमानकाळ घ्यायचा, तिसऱ्याने पूर्ण, मग भूतकाळ, मग भविष्यकाळ. 'हॅज बीन वॉटरिंग'पाशी आले की मास्तर हात वर करून म्हणत, "इथं थांबा. याचं कर्मणी होत नाही. जे होत नाही ते करू नका." कुणी वाक्य फिरवताना कर्ता विसरला की त्यांचा खडू त्याच्याकडे वळे आणि ते विचारत, "बाय हूम?" कोणाकडून? मग सगळा वर्ग ओरडे, "बाय द गार्डनर!"

कर्ता केव्हा गाळावा हेही त्यांनी शिकवले होते. तो माहीत नसेल तर गाळावा, सांगायची गरज नसेल तर गाळावा. सरकारी लिखाणात तर तो बहुधा नसतोच, असे ते म्हणत. खालच्या वर्गात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती : निर्जीव वस्तू आपणहून काही करत नाही, तिच्यावर काहीतरी केले जाते. लहान मुलांना समजावे म्हणून सांगितलेली ती गोष्ट मी मात्र नियमासारखी मनात धरून ठेवली.

माझ्या शिक्षणाचा खर्च करत होता माझा मामा. आईवडील भिगवणच्या पलीकडे कोरडवाहू गावात होते आणि त्यांच्याने मला बारामतीत ठेवणे होण्यासारखे नव्हते. मामाला मूलबाळ नव्हते. तो कालव्यावर पाटकरी होता. सणसरच्या पुढे दोन-अडीच मैलांचा पाट त्याच्या अंगावर होता. दारे उघडायची, पाळीप्रमाणे ज्याचे त्याला पाणी द्यायचे, काठ शाबूत आहे की नाही ते रोज चालत जाऊन बघायचे. काठावरच सरकारी दोन खोल्या होत्या, तिथे तो आणि मामी राहत. मी आठवडाभर बारामतीत एका ओळखीच्यांच्या पडवीत राहायचो आणि शनिवारी दुपारी गूळ उतरवून परत निघालेल्या एखाद्या बैलगाडीत बसून मामाकडे जायचो. सोमवारी पहाटे मामीने बांधून दिलेल्या भाकरी घेऊन परत.

मामा मराठी चौथीपर्यंत शिकला होता. सही करायचा, पाळीचा कागद वाचायचा. इंग्रजी त्याला अजिबात येत नव्हते, पण माझ्याकडून ते ऐकायला त्याला आवडे. रविवारी पाटाच्या कडेने त्याच्याबरोबर चालताना तो म्हणायचा, "म्हन की काय तरी." मग मी त्याच्याच कामाची वाक्ये करायचो. पाटकरी दार उघडतो. पाटकऱ्याकडून दार उघडले जाते. पाटकऱ्याकडून दार उघडले गेले असेल. तो हसून म्हणायचा, "दार एकच, अन त्याला बोलनं किती."

तशाच एका रविवारी आम्ही वळणावर पोचलो. तिथे पाट उजवीकडे वळतो आणि खाली, काठाला लागूनच, एका बागाईतदाराची वांगी आणि पेरू होते. त्याला सगळे तात्या म्हणत. मामाचा तो जुना सोबती. त्या ठिकाणी काठाच्या बाहेरच्या अंगाला माती ओली दिसत होती. मामाने बसून हात लावला, खाली एक भोक होते त्यात काठी घातली. काठी हातभर आत गेली. "घुशी हायत्या," तो म्हणाला. "आतनं पार पोखरलंय."

योग असा की त्याच दिवशी कालव्यावर देखरेख करणारे ओव्हरसियर सायकलवरून पाहणी करत आले. मामा त्यांना रावसाहेब म्हणायचा. मामाने त्यांना ती जागा दाखवली. त्यांनी सायकलवरून पाय न काढता पाहिले आणि म्हणाले, "बघू. पाळी संपू दे."

"ह्याच्या आदीबी सांगितलं व्हतं, रावसाहेब."

"बघू म्हटलं ना."

मी तिथेच उभा होतो. मला ते सगळे नीट आठवते, कारण पुढे त्या आठवणीचा कुणाला उपयोग झाला नाही.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, असाच मी मामाकडे असताना, पाट फुटला. थंडीचे दिवस होते. उजाडता उजाडता तात्याचा गडी ओरडत आला. मामा तसाच पळाला. मागोमाग मी गेलो. वळणावर काठाला गाडी जाईल एवढे खिंडार पडले होते आणि पाणी तात्याच्या वांग्यांतून घोंगावत खाली चालले होते. झाडे आडवी झाली होती. मामाने मला वरचे दार बंद करायला पिटाळले. मी पळत जाऊन ते दांडा फिरवून खाली उतरवले. परत आलो तेव्हा आसपासची दहा-बारा माणसे जमली होती. पोत्यांत माती भरून टाकत होती, बाभळीच्या काटेरी फांद्या, उसाचे पाचट, हाताला येईल ते लोटत होती. तात्या स्वतः कमरेइतक्या गाळात उभा होता. खिंडाराच्या कडेला कापल्यासारखी माती उघडी पडली होती आणि तिच्यात घुशींची बिळे दिसत होती. मामाने ती मला बोटाने दाखवली. दुपारपर्यंत पाणी थांबले, पण काठाची ती कड तोवर ढासळून पोत्यांखाली गाडली गेली होती.

दुपारी ओव्हरसियर आले. चेहरा उतरलेला होता. नवीन मोठा साहेब, गोरा, दोन दिवसांनी इंदापूरच्या बंगल्यावर मुक्कामाला येणार होता. त्याला मराठी येत नव्हते आणि जबाबाचे इंग्रजी करणारा कारकून लग्नाला गावी गेला होता.

"माझा रिपोर्ट मी लिहितोच," ओव्हरसियर म्हणाले. "पण पाटकऱ्याचा जबाब वेगळा लागतो, आणि साहेबाला तो इंग्रजीत पाहिजे. हा भाचा इंग्रजी शिकतोय ना तुझा? घे लिहून त्याच्याकडून."

मामाने माझ्याकडे पाहिले. अंगावर चिखल वाळलेला, हात सोललेले, पण त्या पाहण्यात अभिमान होता. इतक्या वर्षांत त्याच्या घरचे शिक्षण पहिल्यांदा कामाला येत होते.

मामीने चटई टाकली. मी पाटीसारखी एक फळी मांडीवर घेतली, टाक-दौत काढली. मामा उकिडवा बसून सांगू लागला.

"लिव. दिस उगवायच्या टायमाला मी वळनावर पोचलो. पाट फुटला व्हता. घुशींनी आतनं माती उकरली व्हती. पानी तात्याच्या वांग्यात गेलं."

चार वाक्ये. पहिले मी लगेच लिहिले. मग 'पाट फुटला' आले. मला वाटले, काठ आपणहून कसा फुटेल? निर्जीव वस्तू. शिवाय मामा पोचण्याआधीच तो फुटलेला, म्हणजे पूर्ण भूतकाळ. मी लिहिले, "द बँक हॅड बीन ब्रोकन." काठ फोडण्यात आला होता. 'हॅड बीन' लिहिताना मला बरे वाटले. साहेबाला कळेल, हा मुलगा काळ जाणतो.

मग घुशी आल्या आणि मी अडलो. घुशीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हते. 'रॅट' माहीत होते, पण रॅट म्हणजे उंदीर. घुशीला उंदीर म्हटलेले मास्तरांनी खपवून घेतले नसते आणि साहेब हसला असता, असे मला वाटले. मामा वाट बघत होता. ओव्हरसियर बाहेर सायकलपाशी उभे होते. मी वाक्य फिरवले. "द अर्थ हॅड बीन डग." माती खणण्यात आली होती. कर्ता गाळला. व्याकरण शंभर टक्के बरोबर. तो माहीत नसेल तर गाळावा, असे शिकलो होतो. इथे तो मला माहीत होता, फक्त त्याचे नाव येत नव्हते. राहिलेले वाक्य त्याच ओघात झाले. पाणी 'गेले' हे मला पोरकट वाटले. "द वॉटर हॅड बीन टेकन इंटू द फील्ड." पाणी शेतात नेण्यात आले होते.

"वाच बगू," मामा म्हणाला.

मी इंग्रजीत वाचून दाखवले. तो मान हलवत ऐकत होता. मामीही दारात येऊन उभी राहिली होती.

"घुशींचं लिवलंस नव्हं?" मामाने विचारले.

"व्हय," मी म्हणालो.

त्याने टाक घेऊन सावकाश सही केली.

सोमवारी मी बारामतीला गेलो. त्या जबाबाचा विचारसुद्धा मनात राहिला नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत शिपायाने येऊन सांगितले, तुझ्याकडे कोणी आले आहे. शाळेच्या ओट्याखाली मामा उभा होता. पाटावरचे काम सोडून तो कधी बारामतीला आला नव्हता. सणसरहून तो चालत आला होता. पायांवर धूळ होती, डोक्याचा पटका सुटलेला होता.

"त्या कागदात घुशी हायत्या का न्हायत्या?" त्याने विचारले. दुसरे काही बोलला नाही, कसा आहेस म्हणूनही नाही.

मी ओटा उतरून त्याच्याजवळ गेलो.

"सायबानं मला उभं केलं," तो सांगू लागला, मोठ्याने नाही, रोजच्याच आवाजात. "म्हनला, माती कुनी खनली? मी म्हनलो, घुशींनी. रावसाहेबानं त्याला सांगितलं. सायबानं कागद माज्या तोंडाफुडं धरला. म्हनला, हितं तर तूच लिवलंयस, पाट फोडला, माती खनली, पानी शेतात नेलं. फोडनारा कोन, नाव सांग. पेन्सिलीनं त्यानं कडंला काय तर लिवलं व्हतं. रावसाहेब म्हनला, 'कोणाकडून' असं लिवलंय. मी म्हनलो, पाट फोडला न्हाय, फुटला. तर रावसाहेब सायबाला म्हनला, आता हा बोलनं फिरवतोय."

ओव्हरसियरांना ते सोयीचेच होते. पाट कोणी चोरून फोडला असेल तर त्यांनी दुर्लक्ष केले हा प्रश्नच उरत नव्हता. पाणी ज्याच्या शेतात गेले त्यानेच फोडला असणार, आणि तो पाटकऱ्याचा सोबती, म्हणजे पाटकरी सामील. तात्याची पुढची पाळी बंद केली होती. मामाला कामावरून दूर केले होते आणि खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायला सांगितल्या होत्या.

"हायत्या का न्हायत्या?" मामाने पुन्हा विचारले.

"न्हायत्या, मामा. मला शब्द येत न्हवता."

तो एक पाऊल पुढे आला. मला वाटले, मारेल. मारले असते तर बरे झाले असते.

"येत न्हवता तर आपल्यात लिवायचं," तो म्हणाला. "'घूस' लिवलं असतंस तरी सायबानं कुनाला तर इचारलं असतं."

इतके साधे होते ते. माझ्या डोक्यात ते आलेच नव्हते. इंग्रजी वाक्यात मराठी शब्द घालायचा म्हणजे हार मानायची, असे काहीतरी मला वाटत होते.

"अन व्हय का म्हनलास मग?"

मामा ओट्यावर बसला, पायाची धूळ झटकली, शिपायाने दिलेले पाणी प्याला आणि परत निघाला. मी वेशीपर्यंत त्याच्या मागे गेलो. तो वळून म्हणाला, "शाळंत जा. सुट्टी संपली आसंल."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मास्तरांच्या घरी गेलो. तोपर्यंत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. ते अंगणात वह्या तपासत बसले होते. मी जबाब त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला.

"चूक एकही नाही," ते म्हणाले. "कोणी लिहिला?"

मग मी सगळे सांगितले. सांगताना त्यांच्या हातातली वही मिटली गेली. ते उठून आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा बसले.

"बँडिकूट," ते म्हणाले. "घुशीला बँडिकूट म्हणतात. तेलुगूतला शब्द आहे, साहेबांनी आपल्याकडूनच उचललेला. लिहून घे."

मी लिहून घेतला.

"आता दुसरा कागद लिही. मी सांगणार नाही, तूच लिही. पण त्यात प्रत्येक वाक्याला कर्ता पाहिजे. आणि जिथं तू आहेस तिथं तू पाहिजेस."

"तुम्ही बरोबर याल का, सर?"

त्यांनी मिटलेली वही उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाले, "मी आलो तर साहेब म्हणेल, मास्तरानं पोराला पढवलं. तू आणि तुझा मामा, दोघंच जा." त्यांना खरेच तसे वाटत होते की साहेबापुढे जाण्याची भीती होती, हे मला कळले नाही. आजही सांगता येणार नाही. त्यांनी मला चहा दिला आणि निघताना दारापर्यंत आले, एवढे खरे.

तो कागद लिहायला मला दोन दिवस लागले. साधी वाक्ये होती. मी या माणसाचा भाचा आहे. पहिला जबाब मी लिहिला. मामाने मला घुशींनी माती उकरली असे सांगितले. मला इंग्रजी शब्द आला नाही. मी ते लपवले. त्याने विचारले तेव्हा मी खोटे सांगितले. यातले एकेक वाक्य लिहून मी ते खोडायचो. बोट आपोआप कर्मणीकडे वळायचे : शब्द लिहिला गेला नाही, चूक झाली. मग पुन्हा 'आय'पासून सुरुवात.

रविवारी मी आणि मामा इंदापूरला गेलो. तात्याने आपली गाडी दिली आणि स्वतःच हाकायला बसला. त्याला मामाने सगळे सांगितले होते हे मला वाटेत कळले, कारण तात्या माझ्याशी एक अक्षरही बोलला नाही. त्याची उरलेली वांगी पाळी नसल्यामुळे माना टाकू लागली होती. मी त्याच्या पाठीकडे बघत बसून राहिलो.

बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब टेबलाशी बसला होता. ओव्हरसियर बाजूला उभे. साहेब पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने माझा कागद वाचला, मग फायलीतून पहिला काढून शेजारी ठेवला. त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले मी उलटे वाचले : 'बाय हूम?'

"तुला शब्द येत नव्हता तर कोणाला विचारलं का नाहीस?" त्याने इंग्रजीत विचारले.

"मला लाज वाटली, सर."

त्याने मान हलवली. रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माणसे लावून वळणावरच्या खिंडाराच्या दोन्ही बाजूंची माती खणून काढायला लावली, आणि मलाही थांबवून घेतले. मी मामाशेजारी उभा राहून बघत होतो. हात-दीड हातावर बिळे लागली. एकातून एक, आतल्या आत काठातून आरपार गेलेली. एका बिळात घुशीची पिल्ले होती. साहेबाने वाकून पाहिले आणि तात्याची पाळी तिथल्या तिथे सुरू करायला सांगितली. चोरीचा आळ गेला. तात्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटले, सुटलो.

पण साहेबाने मामाकडे वळून दुसरा प्रश्न विचारला. इतकी बिळे एका रात्रीत होत नाहीत. रोज काठ बघणे तुझे काम होते. तू कळवले होतेस का? कोणाला?

ओव्हरसियरांनी प्रश्न मराठीत सांगितला. मामा त्यांच्याकडेच बघत म्हणाला, "ह्यास्नीच. दोनदा."

"मला काही कळवलेलं नाही," ओव्हरसियर साहेबाला म्हणाले. "कळवलं असेल तर कागद दाखवावा."

कागद कुठला? मामाने सगळे तोंडीच सांगितले होते. मी पुढे झालो. माझे इंग्रजी धड जुळत नव्हते, पण मी सांगितले की मी तिथे होतो, माझ्यासमोर मामाने जागा दाखवली, हे सायकलवर बसून होते आणि 'बघू' म्हणाले.

साहेबाने मला पुरते बोलू दिले. मग विचारले, "पहिला कागदही तूच लिहिलास ना?"

"हो, सर."

"आणि त्यात खरं नव्हतं, असं तूच दुसऱ्यात लिहितोस."

"हो, सर."

"मग आता तू सांगतोस ते मी कशावरून खरं मानू?"

त्याने ते मला टोचण्यासाठी विचारले नव्हते. त्याला खरेच उत्तर हवे होते, निदान मला तसे वाटले. ओव्हरसियर जमिनीकडे बघत होते. मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे घेतले.

कामात हयगय केली म्हणून मामाची जागा गेली ती गेलीच. साहेबाने दया म्हणून त्याला शेळगावच्या बाजूला पाटावर रोजंदारीचे काम देऊ केले, गाळ काढायचे आणि काठ चोपायचे. जिथे तो पाणी वाटायचा तिथे आता दुसऱ्या कोणाच्या हाताखाली टोपले उचलायचे. तो काही महिने गेला. मग तात्यानेच त्याला म्हटले, "पाटकरी, ऱ्हाऊ द्या ते. माज्या पेरूत या." तात्याने बागेच्या कोपऱ्यात एक छप्पर बांधून दिले आणि मामा-मामी तिथे राहायला गेले. पेरू वाटणीने करायचे ठरले. पुढे ती बाग चांगली झाली, हे सांगितले पाहिजे. मामाच्या हाताला पाण्याचे माप होते. पण पाट त्या बागेच्या डोक्यावरूनच जात होता. नवा पाटकरी दार उघडायला आला की मामा काहीतरी काम काढून बागेच्या पलीकडच्या टोकाला जायचा.

मला वाटत होते की मामा आता माझे शिक्षण थांबवेल. मी तसे स्वतःहून बोललोही. तो म्हणाला, "आता थांबून काय उपेग?" शनिवारी मी जात राहिलो. भाकरीही येत राहिल्या. फक्त 'म्हन की काय तरी' असे तो पुन्हा कधी म्हणाला नाही, आणि मीही आपणहून कधी इंग्रजी बोललो नाही. शाळेत फळ्यावरचे वाक्य बाकाबाकावरून फिरत माझ्याकडे आले की मी ते फिरवून द्यायचो. मास्तर 'बाय हूम' विचारताना माझ्याकडे बघायचे टाळत. मॅट्रिकला मला इंग्रजीत बरे गुण मिळाले.

पुण्याला एका कचेरीत उमेदवारी मिळाली तेव्हा मी निरोप घ्यायला बागेत गेलो. भिगवणला आगगाडी पकडायची होती. तात्याचा गडी बैल जुंपत होता. मामीने दशम्या बांधल्या, पेरू बांधले, माझ्या सदऱ्याचे बटण तुटले होते ते तिथेच उभ्याउभ्या लावून दिले. तिला सगळी हकीकत एवढीच ठाऊक होती की साहेबाने कागद चुकीचा वाचला आणि भाच्याने इंदापूरला जाऊन त्याला खरे काय ते इंग्रजीत सुनावले. मामाने तिला तसेच सांगितले होते. मला ते तोपर्यंत माहीत नव्हते.

दोरा दाताने तोडत ती म्हणाली, "शिकल्याला भाचा व्हता म्हनून तर चोरीचा बट्टा गेला बाबा. न्हाय तर आमी अडान्यांनी काय केलं असतं?"

मी मामाकडे पाहिले. तो बैलाच्या मानेवरचे जू नीट करत होता. त्याने वर पाहिले नाही. मला वाटले, आत्ता सांगावे, आत्ता नाही तर कधीच नाही. मी तोंड उघडलेही असेल.

"चल," मामा म्हणाला, "गाडी चुकंल."

मी मामीच्या पाया पडलो आणि बैलगाडीत बसलो. मामी आणखी दहा-बारा वर्षे होती. मी सुट्टीत जायचो तेव्हा शेजारपाजारच्या बायकांना ती हीच गोष्ट माझ्यादेखत सांगायची, आणि मी ऐकून घ्यायचो.